काठावरचं वजन

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसनं एक तक्ता छापून आणला. 'पाणबुड्यांसाठी वजन उचलण्याचे सुरक्षित नियम'. चकचकीत कागद, चार रंग, कडेला पिवळी टोपी घातलेल्या हसऱ्या माणसाचं चित्र. तो गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून एक खोकं उचलतोय. आमच्या धंद्यात खोकं कुठून आलं, देव जाणे. आमच्या वाट्याला येते ती हवेची टाकी, कमरेचा शिशाचा पट्टा, विहिरीत पडलेली मोटार आणि बुडालेलं माणूस. पण छापणाऱ्याला काय त्याचं. तक्ता भिंतीवर लावायचं आणि नव्या पोरांना वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात आलं.

दहा नियम होते. दहाच्या दहा कारभारीनानांचे. भाषा तेवढी धुऊन इस्त्री केलेली. नानांचं नाव त्यात कुठंच नव्हतं, पण नाना तक्त्यावर होते. अगदी तळाशी, लाल चौकटीत, 'उदाहरण' म्हणून. कसं वागू नये त्याचं उदाहरण. त्या चौकटीतलं वाक्य धादांत खोटं आहे. हे मी छातीठोक सांगतो, कारण ते वाक्य मीच लिहिलं होतं.

कारभारी हे आमच्या नगर जिल्ह्यात हुद्द्याचं नाही, माणसाचं नाव असतं. नाना कसलेच कारभारी नव्हते. आम्ही आठ जण एका एजन्सीकडं कंत्राटावर होतो आणि त्यांतले ते सगळ्यांत जुने. धरणाच्या दारांची तपासणी, जाळीत अडकलेले ओंडके काढणं, विहिरीतल्या मोटारी वर आणणं आणि बुडालेल्यांना शोधणं, ही आमची कामं. नाना बुटके, काळे, मानेनं जाड. केस पिकलेले, पण कंबर विशीतल्या पोराची. तिचा त्यांना गर्व होता. पाण्याखाली त्यांच्यापेक्षा जास्त वेळ राहणारे, जास्त खोल जाणारे आमच्यात होते. नानांना त्याचं कौतुक नव्हतं. ते म्हणायचे, "पान्यात काय, पानीच उचलतंय. खरं वजन काठावर."

त्यांचा बाप साखर कारखान्याच्या गोदामात हमाल होता. शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर घेऊन फळीवरून चढायचा. पंचेचाळिशीला कंबर गेली आणि घरात हातांवर सरकत फिरायला लागला. नाना एरवी बापाचा विषय काढत नसत. एकदाच, जीपमध्ये, कुणीतरी आपल्या पोराच्या रांगण्याचं कौतुक सांगत होता तेव्हा म्हणाले, "लोक पोरं रांगताना बघत्यात. मी बाप बघितला." 

मी टोळीत आलो तो पहिला दिवस राजूरच्या पुढं, धरणाच्या फुगवट्यावर होता. मला दाखवायचं होतं की आपण कमी नाही. जीपमधून टाकी उतरवताना मी तिच्या तोटीला धरून ती एका झटक्यात खांद्यावर टाकली. भरलेली टाकी सोळा-सतरा किलोची. बाकीच्यांनी 'वा' केलं. नाना उकिडवे बसून दोराच्या गाठी तपासत होते. उठले, माझ्या खांद्यावरची टाकी दोन्ही हातांनी काढून घेतली आणि जीपमध्ये आडवी ठेवली. म्हणाले, "आता आन." मी आणली. "परत ठिव. आता आन." असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण दुपारपर्यंत मी पाण्यात पायसुद्धा घातला नव्हता. आधी पाय रोवायचे, मग टाकीजवळ जायचं, मग गुडघे वाकवायचे, टाकी पोटाशी घ्यायची, आणि वळायचं असलं तर कमरेतून नाही, पावलं टाकत वळायचं. एवढं सगळं माझ्या अंगात मुरेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. मी चिडून म्हणालो, "नाना, मी पोहायला आलोय, हमाली करायला नाही." ते म्हणाले, "लेका, टाकी भाड्यानं मिळती. कंबर मिळती का बघ कुठं."

टाकीला कुणी 'ऑक्सिजन' म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. गावोगाव लोक म्हणायचेच. नाना थांबून सांगायचे, "ऑक्सिजन न्हाई, हवा हाय. तुमच्याच गल्लीतली, दाबून भरलेली." आणि टाकी उभी करून सोडलेली दिसली की ज्यानं उभी केली त्याच्या घराण्याचा उद्धार. उभी टाकी पडते आणि पायाची बोटं घेऊन जाते. त्यांच्यासमोर टाकी कायम निजलेली, आणि निजवताना तिच्या खाली पोत्याचा तुकडा. आम्ही चेष्टा करायचो की नाना घरी सुनंदाताईंना एवढं जपत नसतील. सुनंदाताई म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. बायको गेल्यापासून नाना तिच्याकडंच केडगावला राहायचे.

कोल्हारजवळ एका बागायतदाराच्या विहिरीतली मोटार काढायची होती. मी खाली जाऊन दोर बांधला. वर मालक आणि त्याचे चार भाऊबंद दंड थोपटून उभे, नुसत्या हातांनी ओढायला. नानांनी विचारलं, "तिकाटणं न् चेन-पुली कुठाय?" मालक म्हणाला, ती शेजारच्या वस्तीवर आहे, आणायला वेळ लागेल, आणि एवढ्याशा मोटारीला कशाला पुली, तुमी पोटाला खात न्हाई का? नाना म्हणाले, "खातो की. म्हनून तर उद्याबी खायचं हाय." आणि आंब्याखाली जाऊन बसले. मालकानं ऑफिसला फोन लावला, साहेबांनी नानांना फोन लावला, नानांनी फोन उचलून "व्हय साहेब, व्हय साहेब" केलं आणि तिथंच बसून राहिले. ट्रॅक्टर पुली घेऊन आला तेव्हाच उठले. मोटार पाण्याबाहेर आली आणि दोराला तिचं खरं वजन लागलं तेव्हा तिकाटण्याच्या तीन पायांपैकी एक जमिनीत बोटभर रुतला. चार भावांपैकी एकानं तोंडात बोट घातलं. नानांनी जाताना मालकानं दिलेला चहा मात्र दोनदा घेतला.

बुडालेलं माणूस काढताना त्यांचं हेच वागणं लोकांना निर्दयी वाटायचं. काठावर आक्रोश चाललेला असतो, नातेवाईक ओरडत असतात, लवकर काढा, लवकर काढा. नाना कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून आधी शिशाचा पट्टा सोडणार, मग टाकी उतरवून आमच्या हातात देणार. मग चादर मागवणार, चौघं जण चार कोपऱ्यांना लावणार, आणि शांतपणे आकडे म्हणत एकदम उचलणार. त्यांचा मंत्रच होता, "आधी हात रिकामं, मग पाठ रिकामी, मग पायऱ्या." एकदा एका मयताच्या भावानं मदत म्हणून नानांना पाठीवरच्या टाकीच्या तोटीला धरून वर खेचलं. नाना उलटे पाण्यात पडले. वर येऊन तोंडातलं पाणी थुंकलं आणि त्या माणसाला म्हणाले, "दादा, माझ्या पाठीला मूठ बसवलीय व्हय?" तो बिचारा रडता रडता हसला. मग नानांनीच त्याला जवळ घेतलं, आणि तो कितीतरी वेळ त्यांच्या ओल्या खांद्यावर रडला. निर्दयी म्हणणाऱ्यांनी हे बघितलेलं नसतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय त्या दिवसाकडं यायला हवं. टाळून टाळून किती टाळणार.

प्रवरेकाठच्या एका गावात देवीचा मुखवटा वर्षातून एकदा नदीवर स्नानाला नेतात. मुखवटा चांदीचा, आतून लाकूड, खाली पितळी बैठक. सगळं मिळून पंधरा-सोळा किलो. त्या वर्षी स्नान घालताना पुजाऱ्याच्या हातातून निसटला आणि घाटाखालच्या डोहात गेला. गावानं अन्नपाणी सोडलं. तालुक्यातले एक पुढारी त्या भागातले. त्यांनी थेट आमच्या साहेबांना फोन केला. कागद नाही, पत्र नाही, रीतसर काही नाही. आम्हाला सांगितलं, जा आणि काढून द्या. नाना आणि मी गेलो.

नाना दुसऱ्या बुडीतच मुखवटा घेऊन वर आले. काठावर जयजयकार झाला. ते कमरेएवढ्या पाण्यात आले आणि नेहमीप्रमाणे मुखवटा माझ्याकडं द्यायला लागले, तेवढ्यात पुजारी ओरडला. देवी पाण्यातून निघाली की पालखीत बसेपर्यंत भुईला टेकवायची नाही, आणि पहिला हात मानकऱ्याचाच लागला पाहिजे. मानकरी म्हणजे त्या वर्षी हे पुढारी, घाटाच्या वरच्या पायरीवर, नवं उपरणं घालून उभे. नाना म्हणाले, बरं, मी धरून उभा ऱ्हातो, सुदाम, तू मागनं टाकी काढ. मी पाण्यात उतरलो. टाकीच्या पट्ट्याच्या बकलाला हात घातला.

पुढाऱ्यांबरोबर एक व्हिडिओवाला होता. तो वरून म्हणाला, "टाकी राहू द्या. टाकी काढली तर आंघोळीला आलेला माणूस वाटेल." पुढारी हसले आणि मला म्हणाले, "राहू दे रे."

मी बकलावरचा हात काढला.

एवढंच. कुणी दमदाटी केली नाही, कुणी धाक घातला नाही. 'राहू दे रे' म्हणाले आणि मी राहू दिलं. नानांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "सुदाम, काय करू?" त्या माणसानं मला कधीच काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "एकदाच करा नाना. काय होतंय."

पाठीवर टाकी, कमरेला शिसं, अंगावर ओला सूट, आणि मुखवटा पोटाशी नाही, दोन्ही हात पुढं करून, कारण देवीला ओल्या अंगाला टेकवायचं नाही. शेवाळलेल्या बावीस पायऱ्या. नाना चढले. वर पोचले तर वाऱ्यानं पुढाऱ्यांचं उपरणं त्यांच्याच तोंडावर आलं होतं. व्हिडिओवाला म्हणाला, परत. नाना परत पाण्यात गेले आणि दुसऱ्यांदा चढले. या वेळी वाजंत्री वेळेवर वाजली नाही. पुढाऱ्यांनी हात जोडले, "नाना, आईचं काम आहे, आणखी एकदा." साहेबांचा मला फोन आला, करून टाका म्हणाले, त्यांच्या शब्दावर आपलं कंत्राट आहे. मी ते नानांना सांगितलं. नाना खाली गेले.

तिसऱ्या वेळी सातव्या पायरीवर ते थांबले. चेहरा असा झाला की मी आजही सांगू शकत नाही. डावा गुडघा पायरीवर टेकला, पण हात वरच होते. मुखवटा भुईला लागला नाही. लोकांना वाटलं, पाणबुड्या देवीला नमस्कार करतोय. त्यांनी पुन्हा जयजयकार केला. पुढारी चार पायऱ्या खाली आले, मुखवटा घेतला आणि वर निघून गेले. सगळी माणसं पालखीमागं गेली. घाटावर नाना आणि मी उरलो. मग मी टाकी काढली.

नगरला दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेलीय, डावा पाय पूर्ण येईल असं वाटत नाही. सुनंदाताई बाकावर बसून रडत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सकाळी मीच त्यांना माळ्यावरचा पिठाचा डबा काढून द्यायला सांगितलं. काढल्यावर जरा कमरेला हात लावला होता त्यांनी." मी ते ऐकून ठेवलं.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. टोळीत माझं अक्षर बरं, म्हणून रजिस्टर माझ्याकडं असायचं. साहेब चांगलं बोलले, चहा दिला. म्हणाले, सुदाम, ही बुडी कागदावर नाही. कामावर झालं असं लिहिलं तर चौकशी लागेल, पुढाऱ्यांचं नाव येईल, कंत्राट जाईल, आठ घरं बसतील. नानांचं मी बघतो, त्यांना काठावरचं बसून काम देऊ. दुसरं काही कारण असेल तर लिही. मी लिहिलं: 'सदर कर्मचाऱ्यास घरी पिठाचा डबा चुकीच्या पद्धतीने उचलताना कमरेस दुखापत झाली.' खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

बसून काम कुणी दिलं नाही. दोन महिन्यांनी नानांना पत्र गेलं, कामास अपात्र, दुखापत कामावरची नाही. सोबत माझ्या वाक्याची नक्कल. पुढाऱ्यांचा व्हिडिओ गावागावांत फिरला. त्यात दुसऱ्या खेपेचं दृश्य होतं, वाजंत्री नंतर वरून घातलेली. नाना त्यात ताठ चालताना दिसतात.

पत्र मिळालं त्या दिवशी नानांचा फोन आला. शिव्या देतील म्हणून मी तयारीत होतो. ते म्हणाले, "तू लिव्हलंस?" मी हो म्हणालो. मग म्हणाले, "डबा कसा काढला ठाव हाय का तुला? स्टूल भिंतीला लावलं. वर चढलो, डबा पोटाशी घेतला, पाऊल पाऊल उतरलो. कमरंला हात लावला तो सदरा नीट करायला." पुढं म्हणाले, "घरी झालं म्हन, डब्यानं झालं म्हन, तुझी नोकरी हाय, मला कळतंय. पर 'चुकीच्या पद्धतीनं' तेवढं खोड. बाकी ऱ्हाऊ दे." मी म्हणालो, बघतो नाना. रजिस्टर माझ्याच टेबलाच्या खणात होतं. पुढचे आठ-दहा दिवस मी रोज तो खण उघडत होतो, बंद करत होतो. मग वर्ष संपलं आणि रजिस्टर वरच्या ऑफिसला गेलं.

तक्ता आला त्या आठवड्यात मला राहवलं नाही. रविवारी केडगावला गेलो. नाना खिडकीपाशी गज धरून उभे होते. बसलं की कळ येते, म्हणून दिवसाचा बराच वेळ उभेच असतात, सगळं वजन उजव्या पायावर. मला बघून म्हणाले, "ये. बस." माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलले, तेच मला सहन होईना. सुनंदाताई चहा घेऊन आल्या. वाळल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, माझ्यामुळं झालं हो हे. मेला तो डबा. पोळ्यांची घाई होती मला. आता मी माळ्यावर काही ठेवतच नाही, सगळं खाली फरशीवर मांडलंय."

मी म्हणालो, "ताई, डब्यानं काही झालं नाही. घाटावर झालं. मी तिथं होतो. टाकी काढायची राहिली ती माझ्यामुळं. डब्याचं मी खोटं लिहिलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावतील असं वाटलं. पण त्या कसंनुसं हसल्या. "बाबाही हेच सांगतात. मला वाईट वाटू नये म्हणून. आता तुम्हीही."

"नाही ताई, खरंच सांगतोय."

"असू दे हो भाऊ. मी व्हिडिओ बघितलाय, घाटावर चांगले चालतायत. आणि कागद आहे ना घरात, तुमची सही आहे खाली. तेव्हा तुम्हाला काय खोटं लिहायची गरज होती?"

मी नानांकडं बघितलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे सुदाम. माझं सांगून झालंय समदं. चहा घे."

चहा घेतला. काय चव होती ते आठवत नाही. निघायला उठलो तेव्हा सुनंदाताई स्वयंपाकघराच्या दारात गव्हाचा डबा सरकवत होत्या. भरलेला, जड डबा. गुडघे ताठ ठेवून, नुसत्या कमरेतून वाकून, लांबूनच हात घालून त्यांनी तो उचलायला घेतला.

नाना खिडकीपासून म्हणाले, "सुनंदा, गुडघं वाकव. पोटाशी घे."

त्या वळल्यासुद्धा नाहीत. "बाबा, वजन उचलायचं तुम्ही नका हो शिकवू," म्हणाल्या. रागानं नाही, अगदी मायेनं. आणि डबा तसाच उचलून आत घेऊन गेल्या.

नानांनी तोंड खिडकीकडं वळवलं. मी चपला घातल्या आणि जिना उतरून खाली आलो.